बेकनचा भडका आणि पुण्याची धमकी

बांगडा भाजण्यात माझा हात धरणारं आमच्या आळीत कोणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाही म्हणत नाही.

माझी शेगडी परसात असते. गॅरेजवाल्याकडून पत्र्याचं पिंप उभं चिरून घेतलंय आणि त्यावर लोखंडी जाळी बसवून घेतलीय. खाली करवंट्यांचे निखारे, वर बांगडा. मधून मधून नारळाच्या शेंडीने तेलाचा हात फिरवायचा, निखारा मंदावला की विंझण्याने वारा घालायचा, आणि उगाच भडकलाच तर तांब्यातल्या पाण्याचा एक हबका मारायचा. उभा जन्म असाच चाललाय, कुणाची दाढी जळलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा मुलगा पुण्याहून आला तो बर्फाच्या डब्यात बेकन घेऊन. डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या, निम्मं मांस आणि निम्मी चरबी. आमची सून नुसतं अंडं फोडलं तरी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडते, तेव्हा हा प्रकार त्याच्या स्वयंपाकघरात शिरणं शक्यच नव्हतं. डबा माझ्या हातात देत म्हणाला, "आई, तुझ्या शेगडीवर भाजूया. आणि फोनवर तिच्याशी बोलताना जरा सांभाळून हं."

आमचे हे आता नाहीत, पण जन्मभर बोटीवर नोकरीला होते. जगातल्या सगळ्या बंदरांवरच्या जेवणाच्या गोष्टी ऐकून माझे कान किटलेत. त्यामुळे मला डुकराचं काही सोवळं नव्हतं. मी म्हटलं, "आण रे इकडे. बांगडा काय नि हे काय, निखाऱ्याला सगळं सारखंच."

हे वाक्य मला भोवलं.

जाळी भरगच्च भरली. पट्टीला पट्टी खेटून, एसटीत माणसं बसवतात तशी. वरून, माझ्या हाताला खाज ना, खोबरेल तेलाचा हात फिरवला. चरबीला तेल! आता लिहितानाही मला माझं हसू येतं. मग सवयीने विंझणा घेतला आणि दोन झपके मारले. पट्ट्या आक्रसायला लागल्या, त्यांची चरबी टपटप निखाऱ्यावर पडली, आणि भस्सकन ज्वाळ वर आली. मी काय करणार? जन्मभर जे केलं तेच केलं. तांब्या उचलला आणि हबका मारला.

अगो बाई! ज्वाळ विझायची सोडून माझ्या तोंडावरच आली. पडवीवर घातलेल्या झावळांच्या झापाला तिने चाटलं, माझी डावी भुवई नेली आणि वर गेली. मुलाने झाप ओढून काढलं, पायाने तुडवलं. दोन मिनिटांत सगळं शांत. पण त्याचा चेहरा मात्र शांत झाला नाही. पांढराफटक पडला होता पोरगा.

"आई, बस झालं आता. पुण्याला चल."

हा विषय तो आधीही काढायचा, पण तेव्हा त्यात दम नसायचा. आता त्याला माझी अर्धी भुवई सापडली होती. खोली तयार आहे म्हणे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बागेत माझ्या वयाच्या बायका हसण्याचा वर्ग घेतात. मी म्हटलं, "हसायला मला वर्ग लागत नाही." तर म्हणाला, "एकटी असताना हे झालं असतं तर?" त्यावर मी भांडलेच. दोन दिवस आम्ही भांडलो. माझं घर, माझी विहीर, माझी आंब्याची तीन झाडं, सकाळी दारात येणारी मासळीवाली, हे सगळं सोडून मी सातव्या मजल्यावर जाऊन काय कबुतरं मोजू?

शेवटी तोच म्हणाला, "ठीक आहे. दिवाळीनंतर मी पुन्हा बेकन घेऊन येतो. तू याच शेगडीवर भाजायचं. एक जरी ज्वाळ जाळीच्या वर आली तर बॅग भरायची."

"आणि नाही आली तर?"

"तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही."

"शपथ?"

"शपथ."

तो गेला आणि मी शेगडीपुढे जाऊन बसले. तोंडाने मी फार शूर, पण बेकनचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

आता बाईंविषयी सांगायला हवं. आमच्या शेजारीण बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. माझ्या मुलालाही त्यांनीच शिकवलं. आम्हा दोघींच्या परसांमध्ये एक दगडी गडगा आहे, कमरेइतका. बाई पक्क्या शाकाहारी. माझ्याकडे बांगडा भाजला की त्या घरात उदबत्ती लावतात. पण मी पुण्याला गेले तर संध्याकाळी गडग्यावर कोपरं टेकून वाद घालायला त्यांना दुसरं कोण मिळणार? तेव्हा पैजेचं कळल्यावर त्या नाकाला पदर बांधून गडग्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "मी पलीकडून बघेन. इकडे येणार नाही. आणि ते काय आहे त्याचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही."

बाजारात कोल्ड स्टोरेजवाल्याकडे बेकन मिळालं. "काकी, तुम्ही?" असं त्याने विचारलंच. मी म्हटलं, "मांजरासाठी." माझ्याकडे मांजर नाही.

तालमी सुरू झाल्या. पहिल्याच तालमीला भडका उडाला आणि माझा हात तांब्याकडे गेला. गडग्याच्या पलीकडून बाई किंचाळल्या, "अहो वहिनी, पेटलेल्या चरबीवर पाणी टाकतात का कधी? सातवीत शिकवलंय मी!" मी म्हटलं, "मी तुमच्या वर्गात नव्हते." पण तांब्या त्या दिवसापासून विहिरीवर गेला. शेगडीजवळ आली भाताच्या मोठ्या टोपाची झाकणी. ज्वाळ उठली की वर झाकणी ठेवायची. हवा नाही, ज्वाळ नाही.

मग बाईंनी स्वतःची अक्कल चालवली. म्हणाल्या, झाकणीपेक्षा वाळू बरी, पेट्रोल पंपावर वाळूच्या लाल बादल्या असतात त्या उगाच का? पुढच्या भडक्याला त्यांनी गडग्यावरून मूठभर वाळू भिरकावली. भडका विझला, हे कबूल. पण ते बेकन दाताखाली असं करकरत होतं की भाट्याच्या किनाऱ्याची अख्खी पुळण चावतेय असं वाटलं. गल्लीतल्या कुत्र्यांनीही ते हुंगलं आणि बाईंकडे बघितलं. वाळू बंद झाली.

हळूहळू मला त्या पट्ट्यांचा स्वभाव कळत गेला. निखारे सगळीकडे पसरायचेच नाहीत. सगळे एका अंगाला लोटायचे, आणि रिकाम्या अंगाला जाळीखाली जुनं ॲल्युमिनियमचं ताट ठेवायचं. पट्ट्या त्या ताटाच्या वर मांडायच्या, एकमेकींना न खेटता. टपकलेली चरबी मग ताटात पडते, निखाऱ्यावर नाही. करवंट्यांवर राखेची साय येईपर्यंत जाळीवर काही ठेवायचं नाही. घाई केली की कच्ची करवंटी स्वतःच तेलाने पेटते. जाड पट्टी घ्यायची, तिच्या कडेची लोंबणारी चरबी आधीच छाटायची. तेल लावायचा तर विचारसुद्धा करायचा नाही.

हे सगळं जमलं. जमेना तो माझा हात. निखारा दिसला की हात आपोआप विंझण्याकडे जातो आमचा, कोकणातल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. मी ठरवून बसायची, आज वारा घालायचा नाही, आणि मध्येच बघते तर माझा हात हलतोय! वारा लागला की निखारे फुलतात, आणि ताटात साठलेल्या चरबीचीही खैर नाही. शेवटी बाईंनी गडग्यावरून माझ्या घरातले सगळे विंझणे, सूप, एवढंच काय, जुनं कॅलेंडरही जप्त केलं. मग मी पदराने वारा घालायला लागले. बाई म्हणाल्या, "हात बांधून ठेवू का?" मी एका हातात चिमटा धरला, दुसऱ्यात झाकणी. दोन्ही हात अडकले तेव्हा कुठे ती खोड गेली.

तालमींचं बेकन मी खाल्लं, कुत्र्यांनी खाल्लं. बाईंनी अर्थात नाही. पण एका संध्याकाळी त्या गडग्यापाशी नाकाला पदर न बांधता उभ्या होत्या.

दिवाळी झाली आणि मुलगा आला. डबा माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "चहा घे आधी." मला दाखवायचं होतं की मला काही घाई नाही. खरं सांगायचं तर त्या चहात मी साखर दोनदा घातली. घर जाणार की राहणार, ते त्या डब्यात होतं.

ऊन उतरल्यावर शेगडी पेटवली. पंच म्हणून बाई गडग्यापाशी हजर, हातात परडी, जास्वंद काढायचं निमित्त. संध्याकाळी जास्वंद कोण काढतं? मुलाने नमस्कार केला. बाईंपुढे तो अजून सातवीतच असतो.

राखेची साय येईपर्यंत मी बसून राहिले. मुलगा खुर्ची ओढून समोर बसला, नजर जाळीवर. मी पट्ट्या मांडल्या. चरबी ताटात टपकू लागली. टप, टप. वास सुटला. जाळीच्या वर धुराची एक रेघ, बाकी काही नाही. एक खेप उतरली, खरपूस, कडेला सोनेरी. दुसरी उतरली. मी पोराच्या ताटलीत वाढत होते आणि मनातल्या मनात नाचत होते. बाईंनी तर परडीत पानंच भरली होती, फुलं राहिली बाजूला.

जाळीवर शेवटची पट्टी उरली.

"जिंकले की नाही रे?" मी म्हटलं. "आता काढ पुण्याचं नाव!"

तो हसला. मग ताटलीकडे बघत हळूच म्हणाला, "तू हरली असतीस तर बरं झालं असतं गो."

"का रे मेल्या?"

"असंच. तू आली असतीस."

बस, एवढंच बोलला. आग नाही, लिफ्ट नाही, बाग नाही. इतके महिने मला वाटत होतं की हा मला सांभाळायची जबाबदारी उरकायला बघतोय. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की चाळिशी उलटलेल्या माणसाला आई नुसती हवीही असू शकते. मला भडभडून आलं.

मी चिमट्याने ती शेवटची पट्टी उचलली. ताटाच्या अंगावरून सरळ निखाऱ्यांच्या अंगाला आणली, जाळीवर ठेवली आणि वरून चांगली दाबली.

भस्सकन ज्वाळ आली. जाळीच्या वर हातभर.

"वहिनी! अहो, झाकणी!" बाई ओरडल्या. परडी गडग्यावरून माझ्याकडे पडली.

मुलाला नीट दिसू दिली मी ती. मग सावकाश झाकणी ठेवली.

"बाई, तुम्ही पंच," मी म्हटलं. "ज्वाळ वर आली की नाही?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं. "आली," म्हणाल्या, आणि नाक शिंकरलं.

"हरले मी. बॅग भरते," मी पोराला म्हटलं. "पण एका ज्वाळेचा एकच महिना. मोहोर यायच्या आत मला इथे आणून सोडायचं. आणखी महिने हवे असतील तर आणखी बेकन घेऊन यायचं आणि मला हरवायचं."

झाकणी उचलून त्याने पट्टी काढली. तिचा पार कोळसा झाला होता. मी म्हटलं, "टाक ती, कडू लागेल." त्याने टाकली नाही. माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि सगळी खाल्ली.