ऐंशीच्या आत

माझा नवरा वाईट मास्तर आहे असं कोणी म्हणालं, तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुमच्या मनात तसं येईल.

नवनाथ गांगुर्डे. आमच्या उपनगरच्या कॉलनीत गांगुर्डे सरांचं घर कोणतं म्हणून विचारा, शेंबडं पोरही दारापर्यंत आणून सोडेल. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रिकल शिकवतात. सासरे मनमाडला रेल्वेत गँगमन होते, त्या घरातला हा पहिला शिकलेला. अंगाने काडी, पण आवाज असा की मागच्या बाकावरचा झोपलेला दचकून उठावा. मेथी आणायला पाठवलं तर शेपू घेऊन येतील, तोंड वर करून म्हणतील, हिरवीच आहे ना! विजेच्या तारांचं काही विचारलंत मात्र, तर जेवण राहिलं बाजूला. मी महापालिकेच्या शाळेत चौथीला शिकवते, माझा या विषयाशी काडीचा संबंध नाही. पण संसारात इतकं ऐकलंय की आता मीच पेपर लिहीन.

त्यांचा आवडता धडा लाईनच्या मॉडेलचा. मोठ्या टॉवरवरून वीज जाते, ती वाटेत किती जिरते, पलीकडे किती पोचते, हे आधी गणिताने काढायचं. खरी लाईन काही वर्गात आणता येत नाही, म्हणून बोर्डावर तिचं मॉडेल मांडायचं. त्यात एक गोष्ट असते कपॅसिटन्स. म्हणजे तार आणि जमीन, तार आणि शेजारची तार, यांच्या मधल्या जागेत वीज साठते. लाईन जेवढी लांब, तेवढं हे साठणं जास्त. ऐंशी किलोमीटरच्या आत ते इतकं थोडं की गणितात धरतच नाहीत. अडीचशेपर्यंत धरतात, निम्मं या टोकाला, निम्मं त्या टोकाला. त्याला त्या ग्रीक अक्षरावरून पाय मॉडेल म्हणतात. आणि त्याहून लांब लाईन असली तर तारेच्या तसूतसूला ते धरावं लागतं, तिथे पोरं रडकुंडीला येतात.

हे पोरांच्या लक्षात राहीना. मग सरांनी गाणं जुळवलं. "ऐंशीच्या आत, कपॅसिटरला लाथ! अडीचशेपर्यंत पायाला हात!" सगळा वर्ग बाक वाजवून म्हणायचा. लॅबमध्ये तर आणखी मजा. छोट्या लाईनचा प्रयोग आला की हे साठणं दाखवणारे बोर्डावरचे कपॅसिटरचे डबे पोरांच्या हाताने काढायला लावायचे, कपाटात ठेवायला लावायचे. "ठेवा आत. छोटी लाईन आहे, हिच्यात काही साठत नाही!" ज्यांना बाकी काही येत नव्हतं, ती पोरंही या एका प्रश्नावर तरून गेली.

अश्विन त्यांच्यातला नव्हे, तो हुशार होता. सायखेड्याचा. वडील फकिरा आणि आई सरुबाई, गोदेच्या काठाला थोडी जमीन, शेवंती आणि झेंडू लावतात. हा पोरगा गॅदरिंगला सरांची नक्कल करायचा. हातात खडू, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि तोच आवाज. मी पाहिली आहे ती नक्कल, हसून हसून पोट दुखलं होतं. सर स्वतः पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते. आमच्याकडे आला की सरळ स्वयंपाकघरात, "काकू, भाकरी आहे का?" डिप्लोमा झाला, लाईनच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागला, तेव्हा पेढे आधी आमच्याकडे आणले.

तो मनमाडच्या बाजूला एका टॉवरवर गेला. म्हणजे गेलाच. वरच पट्ट्याला लटकून राहिला.

सायखेड्याला अश्विनच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याला, आम्ही दोघं गेलो. वंदना झाली, लोक जेवायला बसू लागले, तेवढ्यात एक माणूस सरांजवळ आला. मंगळू नाव, पेठ तालुक्याकडचा, अश्विनच्याच गँगमधला. मी शेजारीच उभी होते.

"तुमीच ना ते गान्याचे सर?" तो म्हणाला.

यांना काही कळेना.

"सर, लाईन दोन्हीकून बंद व्हती. पन त्याच टॉवरला दुसऱ्या अंगानं दुसरी लाईन चालू व्हती. आमाला तारंचा जोड सोडायचा व्हता. जोड सोडायच्या आधी त्याच्या दोन्ही अंगाला अर्थिंगचा रॉड लावत्यात, तारंतली वीज जमिनीत उतराया. आमच्यापाशी येकच. दुसरा ठेकेदाराच्या मॅनेजरनं भलत्याच गँगला दिल्याला. मी म्हन्लं, थांबू. मॅनेजर फोनवर म्हन्ला, काम आजच पायजे. मंग अश्विन हसला. म्हन्ला, मंगळू, भिऊ नको, लाईन छोटी हाय, हिच्यात काय साठत नाय. ते ऐंशीच्या आतचं तुमचं गानं म्हन्लं त्यानं. आन जोड सोडला."

तारेचे दोन तुकडे झाले. एकाला रॉड होता, दुसऱ्याला नव्हता. शेजारच्या चालू लाईनने त्या दुसऱ्या तुकड्यात वीज भरून ठेवली होती, ती पोराच्या हातातून जमिनीकडे गेली. गणितात धरत नाहीत म्हणजे तारेत नसते, असं नाही हो. पिठातला एखादा खडा आपण सोडून देतो, पण दाताखाली आला की दात जातोच. आणि इथे तर शेजारून चालू लाईनचा भरणा. एवढं साधं होतं. पण गणितात नाही म्हणजे तारेत नाही असं नव्हे, हे वाक्य सरांनी वर्गात कधी म्हटलं नव्हतं, कारण परीक्षेत ते कधी आलं नव्हतं.

मी मंगळूचा हात धरला. म्हटलं, "रॉडचं हे अपघाताच्या चौकशीत सांगशील ना बाबा?"

त्याने हात सोडवून घेतला. "बाई, माजी पोरं हायेत," म्हणाला, आणि गेला.

फकिराभाऊंचं मागणं एकच होतं. आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "सर, पोरगं तर गेलं. पन सायब लोक म्हनत्यात, सोताच्या चुकीनं गेलं. तेवढं कागदावर येऊ देऊ नका. आमचा अश्विन येडा नव्हता." सरांनी मान हलवली. ही मान मला माहीत आहे. ती हलली की माणूस शब्दाला चिकटून राहतो.

त्यानंतर यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे आणि उठायचे. "अहो, असं करून तो परत येणार आहे का?" मी म्हणायचे. कॉलेजला मात्र जात होते. एक दिवस घरी आले आणि बूट न काढताच पलंगावर बसले. म्हणाले, "सुवर्णा, आज छोटी लाईन होती. मी गाणं म्हटलं नाही. फळ्यावर नुसतं ऐंशी लिहिलं, तर सगळा वर्ग आपणहून ओरडला. वरच्या वर्गातल्या पोरांनी त्यांना आधीच शिकवलंय." आणि हा दणदणीत आवाजाचा माणूस तोंडात रुमाल कोंबून रडला. मी खाली बसून त्यांचे बूट काढले.

चौकशीचं बोलावणं सरांना नव्हतंच. त्यांनीच अर्ज देऊन वेळ मागून घेतली. आदल्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. ते म्हणाले, रॉडचंही सांगणार आणि गाण्याचंही सांगणार.

"रॉडचं सांगा," मी म्हटलं. "गाण्याचं कोण विचारतंय तुम्हाला?"

"अर्धं खरं सांगू?"

"अर्ध्याने त्या माउलीचं भलं होत असेल तर सांगा की! उगाच हरिश्चंद्र होऊ नका."

"पोरगा बेफिकीर नव्हता, सुवर्णा. त्याला जे शिकवलं तेच त्याने केलं. हे मी नाही सांगणार तर कोण सांगेल? त्याच्या नावाला लागलेला डाग मी माझ्या अंगावर घेतो, म्हणजे सुटला."

"डाग काय धुणं आहे, एकाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर घालायला?"

ऐकतील तर शपथ. आयुष्यभर पोरांना गणितात हे सोडून द्या, ते सोडून द्या म्हणून शिकवलं. आता एकच गोष्ट सोडायची होती, तर ती यांच्याने सोडवेना.

चौकशीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. सरांनी सगळं सांगितलं, वर्गात सांगतात तसं, नीट, एकापुढे एक. आधी गाणं, मग डबे कपाटात ठेवणं, मग रॉड. अधिकारी शांतपणे ऐकत होते. म्हणाले, "शिकवलं ते तुमचं स्वतःचं आहे, ते लिहून घेतो. रॉडचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का?" मग मंगळूला आत बोलावलं. ठेकेदाराचा मॅनेजर खुर्चीत बसला होता, त्याच्याकडे बघत मंगळू म्हणाला, "रॉड दोन व्हते साहेब. अश्विननंच येक लावला नाय."

मंगळू दारातून बाहेर पडताना माझ्या पायांकडे बघत गेला, वर तोंड करायची त्याची छाती झाली नाही.

आणि तो मॅनेजर! उठला, दोन्ही हात जोडले, यांना म्हणाला, "सर, तुम्ही आलात, फार बरं झालं. मनापासून आभार." माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याच्या थोबाडात द्यावी असं वाटलं, देवाशपथ, नव्हे, आम्ही देव मानत नाही, बापाशपथ. पण द्यायची कुणाला? त्याने तर फक्त आभार मानले होते.

निकाल यायचा तसाच आला. उपकरणं पुरेशी होती, सूचना दिल्या होत्या, मयताने चुकीच्या समजुतीतून सुरक्षिततेचा नियम डावलला. समजुतीचा पुरावा म्हणून पॉलिटेक्निकच्या अध्यापकांचा जबाब जोडलेला.

"अश्विनच्या आईवडिलांना बाहेरून कळायच्या आत मी सांगतो," सर म्हणाले. मी म्हटलं, एकट्याने जायचं नाही. जेल रोडने सायखेड्याच्या रस्त्याला लागलो. स्कूटरवर मागे बसून मी बोलत होते, रागावत होते.

सरुबाई ओट्यावर शेवंती निवडत होत्या. जय भीम झालं. पाणी दिलं. सरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फकिराभाऊ ऐकता ऐकता उठले आणि मळ्याकडे चालू लागले, मागे वळून पाहिलं नाही. सरुबाई फुलं निवडत राहिल्या.

मग विचारलं, "तुमी गेलेच नसते, तर काय लिव्हलं असतं?"

"कदाचित हेच," सर म्हणाले. "कदाचित रॉडचा तपास झाला असता. माझ्यामुळे त्यांना कारण आयतं मिळालं."

"मंग कामून गेले?"

"खरं होतं म्हणून. पोरगा चुकला नव्हता, आई. मी चुकलो होतो. ते लोकांना कळावं म्हणून."

सरुबाईंनी फुलांवरचा हात थांबवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या अगदी हळू बोलल्या.

"सर, अश्विन घरात लय तुमच्यासारखं बोलायचा. तसाच हात करायचा, तसंच समजावून सांगायचा. आता तुमी बोलत व्हते ना, तर मला वाटलं त्योच बसलाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमचं काय बी चुकलं नसंल. पन आमच्या दारात परत बोलायला येऊ नका."