किटली आणि झारीच्या मधलं

ताईंचं काम सांगायला सोपं, पण घरी कुणाला पटायचं नाही. यंत्रमानवाला वस्तू ओळखायला शिकवतात अशा ठिकाणी त्या पडद्यासमोर बसत. पडद्यावर एक किटली असायची. ती वितळल्यासारखी होत होत दुसरीच किटली व्हायची. मूठ मुठीच्याच जागी गेली ना, तोटी तोटीशीच जुळली ना, एवढं बघायचं. पूर्वी एका किटलीवरचा एकेक बिंदू दुसरीवरच्या बिंदूशी ताईच जोडून द्यायच्या. आता संगणक आपला आपणच जोडायचा. अशा मधल्या आकारांवर यंत्राची नजर तयार होत असे.

"म्हणजे दिवसभर स्वप्नं बघायचा पगार घेतेस!" नवरा चिडवायचा.

ते अगदीच खोटं नव्हतं. घरी परतताना ताईंना फाटकाचं कुलूप, शेजारणीची पिशवी, सगळंच किंचित वळून दुसरं काही होऊ बघतंय असं वाटायचं.

एकदा किटलीची झारी होत होती, झाडांना पाणी घालायची. वाटेत एक आकार आला. पोट किटलीचं, आणि मान पाणी प्यायला वाकलेल्या पाखरासारखी लांब. ताईंनी चित्र तिथेच थांबवलं. अशी वस्तू जगात कुठेच नव्हती, आणि त्यांचा तर तिच्यावर जीव जडला.

त्यांचे दीर पत्र्याची भांडी करत. ताईंनी ते चित्र कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं.

"वहिनी, ही किटली म्हणायची की झारी?"

"भावजी, तिचं अजून ठरायचंय."

दीर डोकं खाजवत कामाला लागले. मान दोनदा वाकडी बसली, स्वतःवरच करवादले, पण शेवटी जमवलंच.

ताईंनी ते भांडं कामावर नेलं. विभाग सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, "ठेवा समोर, बघू तरी यंत्रमानव काय करतोय!"

यंत्राचा हात पुढे आला आणि भांड्यापाशी घुटमळला. मग बोटं सावकाश मुठीभोवती मिटली, भांडं अलगद वर उचललं गेलं.

"अरे वा," बाई म्हणाल्या आणि पुढच्या कामाकडे वळल्या. ताई मात्र तशाच उभ्या राहिल्या, डोळे भरून आलेले. आपल्या मनातलं कुणीतरी न सांगता ओळखावं, तसं काहीसं झालं होतं.

भांडं जरा गळतं. सासूबाई त्यानेच कुंड्यांना पाणी घालतात. त्याला काय म्हणायचं ते काही त्यांना सुचत नाही.

"अगं, ते तुझं आण गं," एवढंच म्हणतात, आणि ताई आणून देतात.