पातळ चालेल
पेजेला उकळी आली की त्या वासाने माझं डोकं अजून भणकतं. ताईचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरने एवढंच सांगितलं होतं, पातळ चालेल. आमच्या गोंदियाकडे आजाऱ्याचं पातळ म्हणजे भाताची पेज. आईने ती गूळ घालून महिनोन्महिने पाजली आणि वजन परत आलं. डॉक्टर म्हणाला, "पथ्य पाळलं नाही. आता पुन्हा ऑपरेशन." आई उसळली, "काऊन नाही पाळलं? तुमीच तं पातळ म्हनलं, पेजच देऊन रायलो!" तो चक्क हसला. ताईने विचारलं, "पुन्हा पोट कापल्यावर काय खाऊ, थे तरी आधी सांगा." त्याने पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. ताई उठली, ती पुन्हा तिथे गेली नाही. गाव आजही तिलाच खादाड म्हणतं. त्या डॉक्टरला कोणी काही म्हणत नाही.