धाकट्या भावाचं नाव

भालकीच्या साखर कारखान्यात ऊसवजनाची पावती छापायचा प्रोग्रॅम मी चाळिशीत लिहिला. काय तो तोरा! आता आजी झाल्यावर हसू येतं. चष्मा नाकावर अन् अक्कल खुंटीवर. शेतकरी काट्याजवळच्या कीबोर्डवर नाव टाकायचा आणि मी ते न तपासता शेलकडं, म्हणजे यंत्राला हुकूम सोडणाऱ्या प्रोग्रॅमकडं, ढकलायची.

आमच्याकडं भावांचा ऊस जोडीनं जातो, दोन नावांमधे '&' घालून. एकदा पावती थोरल्याचीच निघाली. धाकटा चिडला, "अक्का, माझं नाव कामून न्हाई?"

मी संगणकाचा पडदा बघितला. शेलनं '&' पाशी हुकूम संपला असं धरून धाकट्याचं नाव दुसरा हुकूम म्हणून चालवायला घेतलं होतं. तसा हुकूमच नव्हता, म्हणून निभावलं. त्या जागी कुणी सगळं पुसायचा हुकूम टाकला असता तर? साऱ्या हंगामाची वजनं त्याच यंत्रात होती.

तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या माणसानं कीबोर्डकडं हात नेला.

"अप्पा, काही दाबू नका!"

"नावच टाकायलोय की."

"त्याचंच भ्या वाटायलंय," म्हणत मी कीबोर्डची वायर उपटली.