समोरच्या दाराचं वर्णन

दिवाळीच्या सुटीत नात पुण्याहून रिसोडला आली आणि माझा फोन बघून तिनं नाक मुरडलं. फोनभर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती. मी एकदा, अगदी एकदाच, तेलाचा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. तेव्हापासून ते तेल माझा पिच्छा सोडत नव्हतं.

"आजी, हे सोड आता. मी तुले दुसऱ्या जागी नेतो. तिथं जाहिरात नाही, आन् मालकही नाही."

"मालक नाही त झाडलोट कोण करते?"

मग तिनं समजावून सांगितलं. फोनमधली ही गप्पांची जागा म्हणजे एकच मोठा बाजार नाही, खूप छोटी छोटी गावं आहेत. प्रत्येक गावाला सांभाळणारा वेगळा, त्याचे नियम वेगळे. आपण एका गावात नाव नोंदवायचं, पण बोलायचं कुठल्याही गावच्या माणसाशी. नाही पटलं तर गाठोडं उचलून दुसऱ्या गावाला जायचं.

"म्हणजे सासरासारखं नाही," मी म्हटलं.

आम्ही मराठी लोकांचं एक लहानसं गाव निवडलं. आत येण्याआधी अर्ज होता: तुम्हाला इथं का यायचं आहे? मी लिहिलं, माहेर शिरपूर, सासर रिसोड, शिक्षण मॅट्रिक, घरी दोन म्हशी होत्या, आता नाहीत, स्वभाव बोलका. नात वाचून हसत लोळायलाच लागली. "आजी, स्थळ पाहून राह्यली काय तू?"

खरं कारण मी अर्जात लिहिलं नाही. खरं कारण आमच्या घरासमोरचं दार होतं. समोरची माझी मैत्रीण उन्हाळ्यात तिच्या मुलाकडं नागपूरला गेली आणि दाराला कुलूप लागलं. इतकी वर्षं रोज दुपारी आमच्यापैकी एक बोलायची आणि दुसरी नुसतं "हं" म्हणायची. माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली. मुलगा-सून वाशिमला नोकरीला, रविवारी येतात, येताना मोसंब्या आणतात. पण "हं" म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. मला तेवढंच पाहिजे होतं. बोलून झाल्यावर समोरून एक "हं".

दोन दिवसांनी त्या गावानं मला आत घेतलं. तोवर नात पुण्याला निघून गेली होती.

मी लिहिलं, "नमस्कार. मी आले आहे." आणि वाट बघत बसले.

कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून पुन्हा फोन उघडला. माझं पान पांढरंशुभ्र. तेलसुद्धा नाही. मी फुलांची चित्रं टाकली, वर सुविचार लिहिले. महिना गेला. बाहेर सोयाबीनच्या गाड्या बाजार समितीकडं जायच्या, त्यांची धूळ खिडकीत बसायची, ती पुसायची आणि परत फोन बघायचा, एवढंच काम. फोनमधल्या गावात माणसं होती, आपसात बोलत होती, मला दिसत होती. पण त्यांच्या दारात मी आपणहून का जावं? नव्या माणसाला आधी जुन्यांनी विचारावं. आमच्यात तशीच रीत आहे.

आता ही रीत मला कोणी शिकवली, तेही सांगते. कोणीच नाही. मी एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा स्वतःच काढलेली रीत ती. काय तो तोरा होता माझा! गल्लीत मॅट्रिक झालेली सून मी एकटी. दुसऱ्या खेपेला पास झाले होते, ते कोणाला सांगितलं नव्हतं. लोखंडी पेटीत पाच पुस्तकं घेऊन आले होते आणि ती उंबऱ्यातून दिसतील अशी फळीवर मांडली होती. बायका ओट्यावर गहू निवडत बसायच्या. मी आत बसून पुस्तक उघडायची आणि पान न उलटता त्यांचं हसणं ऐकायची. मनात म्हणायची, येतील झक मारत. दोन महिने कोणी आलं नाही. संध्याकाळी चुलीपुढं रडायचं आणि धुराचं नाव सांगायचं, असा कार्यक्रम होता.

मग एक दिवस समोरची दारात उभी राहिली. हातात रिकामी वाटी.

"काय वं नवरी, इरजन आहे काय घरात?"

मी वाटीत दोन चमचे दही घातलं. ती वाटी घेऊन उंबऱ्यातच बसली आणि तासभर बोलली. पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले, तर कोनाड्यात दह्याचं मडकं भरलेलं. मी विचारलं, "त्या दिवशी तुमच्याकडचं दही संपलं होतं ना?"

"कायले संपते? तीन म्हशी हायेत. तुयासारख्या शिकलेल्या बाईच्या घरात शिरायले कायतरी मागा लागते ना."

एवढं सगळं माहीत असून, त्र्याहत्तराव्या वर्षी, मी फोनमध्ये पुन्हा तशीच फळीवर पुस्तकं मांडून बसले होते.

नातीला फोन केला. "तुझ्या गावात कोणी बोलत नाही."

"तू कोणाले फॉलो केलं?"

"मी काहून कोणाच्या मागं लागू? या वयात?"

"आजी, इथं तुयासाठी माणसं आणून देणारी मशीन नाही. तूच दुसऱ्याच्या दारात जाय. आन् लिहिते त्याच्याखाली हॅशटॅग लाव, म्हणजे दुसऱ्या गावातही दिसते."

त्या दुपारी मला सुविचार सुचला नाही. ओट्यावर बसून समोरच्या दाराचा फोटो काढला, "शुभ दुपार" लिहिलं, खाली मराठीचा हॅशटॅग लावला आणि भांडी घासायला गेले.

परत आले तर उत्तर होतं. दुसऱ्याच एका गावातून, कोल्हापूरकडच्या एक बाई. "शुभ दुपार. फोटोत काय आहे ते लिहाल का? मला दिसत नाही. माझा फोन सगळं वाचून दाखवतो, फक्त चित्रापाशी आला की मुका होतो."

मला लाज वाटली. महिनाभर मी फुलं टाकत होते आणि आपण सगळ्यांना दिसतो असं धरून चालले होते. हात पुसले आणि लिहिलं, "एक दार आहे. कुलूप आहे."

"कसलं दार?"

मी चष्मा लावून ओट्यावर गेले. सागवानी दार, खालचा भाग पावसानं काळा पडलेला. उजव्या चौकटीवर तेलकट डाग, ती तिथं डोकं टेकून बसायची त्याचा. कुलूप पितळी. कडीला सुकलेलं आंब्याचं तोरण, पानं गुंडाळली आहेत, दोन गळून पडली आहेत. ओट्यावर चिमण्यांची घाण. इतके महिने मी त्या दाराकडं बघत होते, पण हे काही पाहिलं नव्हतं. एका बोटानं लिहायला मला अर्धा तास लागला.

"हं," त्यांनी लिहिलं. "मग?"

मी वाटीची गोष्ट लिहिली. विरजणाची, तीन म्हशींची. बाई हसल्या असाव्यात, तसं चिन्ह आलं. मग त्यांनी विचारलं, "त्या कधी येणार परत?"

गल्लीत कोणी विचारलं की मी सांगत होते, दिवाळीला. दिवाळी झाल्यावर सांगत होते, संक्रांतीला. मागच्या आठवड्यात मी नागपूरला फोन लावला होता. तिच्या सुनेनं तिच्या कानाशी धरला. मी बोलत राहिले, आणि मधेच ती सुनेला म्हणाली, "कोण बोलून राह्यली वं ही? काय मागते?" हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, मुलालासुद्धा नाही.

मी लिहिलं, "येणार नाही. आता तिला मी आठवत नाही."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. समोरच्या ओट्यावर गल्लीतलं पिवळं कुत्रं येऊन बसलं, आता कोणी हाकलणार नाही हे त्याला कळलेलं. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"हं," एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच दाराचा फोटो काढला. या वेळी आधी वर्णन लिहिलं, मग फोटो टाकला: तेच दार, तेच कुलूप, ओट्यावर कुत्रं. त्यांचा प्रश्न आला, "कुत्रं कुठल्या रंगाचं?" मी पिवळं लिहिलं, मग खोडलं, पावसात भिजून वाळलेल्या कडब्याच्या रंगाचं असं लिहिलं. त्यांनी पिवळा रंग कधी पाहिला होता की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.