दयानंदाचं दीड मिनिट

भूकंपानंतर सरकारनं वसवून दिलेल्या आमच्या गावाला तीस वर्षं होत आली, तरी आम्ही त्याला नवं गावच म्हणतो. या नव्या गावातली माणसं एसटीत लागली, साखर कारखान्यावर लागली, एक तर निलंग्याला पोस्टात लागला. पण स्टार्टअपमध्ये लागला तो एकटा दयानंद, माझ्या शेजारच्या केवळाबाईचा मुलगा. स्टार्टअप म्हणजे काय हे कुणाला ठाऊक? विहिरीवरच्या मोटारीला स्टार्टर असतो, तेवढं मला ठाऊक. म्हणून मी गावभर सांगितलं, दया मोटारीच्या दुकानात लागला. दुसऱ्या दिवशी दोघं जण जळके स्टार्टर घेऊन त्याच्या दारात उभे. दयानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि मला म्हणाला, "तात्या, आधी इचारत जावा की जरा."

त्याआधी तो लातूरला, शिकवण्यांच्या भागात, मुलींच्या वसतिगृहावर वॉचमन होता. तिथं एक दिवस अनिमेष नावाचा पुण्याचा पोरगा भिंतीला पेटी बसवायला आला. जमीन हलली की ही पेटी वाजणार, पोरी खाली पळणार. कंपनीचं नाव जागल. दया स्टूल धरून उभा होता. सहज बोलून गेला, "आमच्या घरात ही आसती तर माझी भईन वाचली आसती." अनिमेषनं ड्रिल खाली ठेवलं आणि सगळं विचारून घेतलं. पंधरा दिवसांत दयाच्या खिशात कार्ड आलं: अनुभव प्रमुख. गावानं विचारलं, कशाचा अनुभव? दया म्हणाला, "पडक्या घराचा."

ऑफिस एका खानावळीवर, तीन खोल्यांचं. बसायला खुर्च्या नाहीत, मऊ पोती. दया पहिल्या दिवशी सोयाबीनचं पोतं समजून कडेला उभाच राहिला. साहेबाला साहेब म्हणायचं नाही, नुसतं अनिमेष म्हणायचं. याच्या तोंडी ते येईना, हा म्हणायचा 'अनिमेष सर'. ऑफिसला जायची वेळ ठरलेली, घरी यायची नाही. रविवारी बोलावलं की म्हणायचे, आपण एक कुटुंब आहोत. दया मला म्हणाला, "तात्या, कुटुंबाला सुट्टी कुठं आसती?" आम्ही दोघंही हसलो.

आता त्याचा खरा अनुभव सांगतो. भूकंपाच्या वर्षी दया अकरा वर्षांचा, बहीण तारामती आठची. विसर्जन करून दोघं घरी आली आणि दाराजवळच्या जागेवरून भांडली. तिथं वारा लागायचा. दयानं तिला ढकललं. "अण्णा वाईट हाय," म्हणत ती रडत आत आजीपाशी जाऊन झोपली. केवळाबाईचं माहेर कर्नाटकात, बसवकल्याणकडचं, म्हणून त्या घरात थोरल्या भावाला अण्णा. पहाटे जमीन हलली आणि घराचं मातीचं माळवद खाली आलं. आजी आणि तारामती दोघी त्याखाली गेल्या. दया दाराजवळ होता, म्हणून राहिला. हे त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, थांबत थांबत. सांगायला अर्धा तास लागला.

अनिमेषकडं अर्धा तास नव्हता. पेटी खपवायला दयानं हेच पालकांपुढं दीड मिनिटात सांगायचं होतं.

"दयानंद, भांडण काढून टाकू," तो म्हणाला. "पालकांना ते ऐकवत नाही. तिनं हाक मारली, असं सांगा."

"हाक न्हाई मारली सर तिनं. येळच न्हाई मिळाला."

"मारली असेल हो. तुम्ही झोपेत होतात. आणि अण्णा नको. अण्णा म्हटलं की डोळ्यापुढं म्हातारा येतो. दादा म्हणा."

दया तेव्हा मोबाइल काढून साक्षीचा, त्याच्या लेकीचा, फोटो बघत बसला. ती तेव्हा पहिलीत होती. तिलाही पुढं शिकवणीला धाडायचं होतं. मग तो म्हणाला, "बरं."

नांदेडला एका मोठ्या वसतिगृहात त्यांचा कार्यक्रम होता, तिथं मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत जागा होती. पालकांनी हॉल भरलेला. मागच्या भिंतीवर लाल आकडे, दीड मिनिटाचे, उलटे पळत होते. दया माइकपुढं उभा राहिला. काळोख, धूळ, आणि आतून तारामतीची हाक: "दादा, दादा, मला काढ." शेवटच्या आकड्याला तो बरोबर थांबला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मीसुद्धा रडलो बघा, आणि मला तर खरं ठाऊक होतं.

परतताना मी विचारलं, "दया, ती अण्णा म्हणायची ना रं?"

"हाव तात्या. पर दादा म्हणलं की लोकाला कळतंय."

"आन् हाक?"

त्यानं गाडीची काच वर सरकवली. "आली आसंल," म्हणाला. "मला ऐकू आली नसंल."

उदगीर, रेणापूर, उमरी, कुठंकुठं फिरला तो. दिवसाला तीन-तीनदा सांगायचा. इकडं पेट्या उसाच्या ट्रॅक्टरनं वाजायला लागल्या, खानावळीच्या मिक्सरनं वाजायला लागल्या. पोरी पेपर सोडून खाली पळायच्या. तक्रारी आल्या तशी कंपनीनं पेट्या इतक्या मंद केल्या की मी एकीवर काठी आपटून बघितली, ती गप्पच. दयानं विचारलं, "सर, आता खरंच हाललं तर?" अनिमेष म्हणाला, "आपण आता हजेरीकडं वळतोय." म्हणजे त्याच पेटीत पोरं बोट लावणार. हजेरीला कुणाची मेलेली बहीण लागत नाही. एका सकाळी मोबाइलवर दोन ओळींचा निरोप आला, आणि दुपारपर्यंत दयाला ग्रुपमधून काढलेलं होतं. वसतिगृहावर तोवर दुसरा वॉचमन बसला होता. दया गावी आला.

यंदा तारामतीच्या पित्राला केवळाबाईनं मला जेवायला बोलावलं. साक्षी आता दहाची. वाढता वाढता तिनं विचारलं, "पप्पा, आत्या तुमाला काय म्हणायची?"

"दादा," दया म्हणाला. लगेच, न थांबता.

केवळाबाईचा पळीचा हात थांबला. "दादा?"

"दादाच की, माय."

म्हातारीनं आठवायचा लई प्रयत्न केला. तिच्या कपाळावर ते दिसत होतं. मग तिनं भाताला हात घातला. "म्हणत आसंल बाबा. तू इतक्यांदा सांगितलंस. मला आता तिचा आवाजबी येत न्हाई."

मला राहवेना. "अण्णा म्हणायची," मी म्हणालो. "मी माझ्या कानानं ऐकलंय. गल्लीतून वरडत यायची, अण्णा, अण्णा. आन् हाकबिक काय मारली न्हाई तिनं. तुमचं भांडण झालतं, दया. तूच मला सांगितलंस."

दयानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. माझी गोष्ट सुरू झाली की सारा गाव जसा मायेनं बघतो, तसं.

"तात्याचं काय खरं धरती, साक्षी," तो म्हणाला. "तात्या कशाचंबी कायबी सांगत्यात."

साक्षी हसली, केवळाबाईही हसली. दयानं माझ्या पानात आणखी खीर वाढली.