शेवटच्या कडव्यातला पुंजाराम

पुंजाराम म्हणजे माझे दाजी, शेवगावच्या मार्केट यार्डात हमाल. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पाठीवर पोतं असलं की पायांच्या तालावर त्यांना ओळी सुचत. बाबासाहेबांची, बुद्धाची गाणी सगळी तोंडपाठ. कागद कधी लागला नाही. आमच्याकडे शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत. ते नाव घेताना दाजी छाती काढून उभे राहत. माझी बहीण भागिरथी त्यावरून चिडवायची, तर म्हणायचे, "कुठल्या सातबाऱ्यावर नाव हाय का आपलं? हाय ते हितंच."

त्र्याण्णवच्या भीमजयंतीला त्यांनी गायन पार्टी उभी केली. पेटी, ढोलकी, तुणतुणं, झांज, एवढाच पसारा. आवाज मात्र आसारामचा. हा गडी दाजींनी वीटभट्टीवरून आणला, एकेक ओळ त्याच्याकडून घोटून घेतली, घरी बसवून जेवू घातलं. बघता बघता पार्टीला पार जामखेडपासून सुपाऱ्या येऊ लागल्या.

मग पुण्याहून कॅसेटचं बोलावणं आलं आणि नेमके दाजी काविळीनं आडवे झाले. आसाराम उशाशी बसून म्हणाला, "दादा, तुमी पडून ऱ्हावा. नाव तुमचंच घीन."

कॅसेट आली. आम्ही सगळे टेपभोवती बसलो. शेवटचं कडवं आलं आणि पुंजारामच्या जागी आसाराम! ठेकासुद्धा हलला नाही, इतकं चपखल बसवलं होतं. केसानं गळा कापला मेल्यानं! दाजी जाब विचारायला गेले तर वर तोंड करून म्हणतो, "तुमची गानी कशावरनं? लिवलीत का कुठं?" पेटीवाला, ढोलकीवाला त्याच्याच मागे गेले. खाल्लेल्या मिठाला कुणीच जागलं नाही. पार्टी तिथंच मोडली.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नात लोकांनी दाजींना आग्रह करून उभं केलं. त्यांनी तेच गाणं धरलं. शेवटी स्वतःचं नाव घेतलं आणि मांडवात खसखस पिकली. पुढे बसलेल्या साळूबाई नावाच्या म्हातारीनं मायेनं समजावलं, "आरं बाबा, ते आसारामाचं गानं हाय. दुसऱ्याच्या गान्यात आपलं नाव घालू न्हाई."

माझं डोकं फिरलं, मी उठलो. दाजींनी हातानंच मला खाली बसवलं.

"व्हय आजी, चुकलं," ते म्हणाले, आणि तेच कडवं त्यांनी आसारामच्या नावानं पुन्हा म्हटलं.